सिक्रेट बरोबर, तरी 'इनव्हॅलिड क्लायंट': ऑथोरायझेशन सर्व्हर लायब्ररी आणि फ्रेमवर्कची जोडणी नेमकी कुठे फसते

विषय ओऑथ २ चा, म्हणजे युजरचा पासवर्ड न देता एखाद्या ॲपला (क्लायंटला) प्रवेश देण्याच्या पद्धतीचा. हा प्रवेश टोकनने मिळतो, टोकन ऑथोरायझेशन सर्व्हर देतो, आणि तो सर्व्हर आपण वेब फ्रेमवर्कला तयार लायब्ररी जोडून बनवतो. सिक्रेट म्हणजे क्लायंटचा स्वतःचा पासवर्ड. आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्याकडे दिसत असेल तर पुढे वाचा, नाहीतर तुमचं दुखणं वेगळं आहे.

टोकन एंडपॉइंटवरून (जिथे टोकन मागतात त्या पत्त्यावरून) ४०१ येतो, 'इनव्हॅलिड_क्लायंट' लिहिलेलं असतं, आणि क्लायंट तर डेटाबेसमध्ये समोर दिसतोय. किंवा 'अनसपोर्टेड_ग्रँट_टाइप' येतं, आणि ग्रँट टाइप (टोकन कोणत्या मार्गाने मागताय ते) तर तुम्ही स्वतःच्या हाताने टाइप केलाय. किंवा लायब्ररी म्हणते एचटीटीपीएस वापरा, आणि ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंय. किंवा रिक्वेस्ट नुसती लटकते, ना एरर ना उत्तर, शेवटी टाइमआउट. आणि सगळ्यात डोकं खाणारं लक्षण म्हणजे तीनदा चालतं, चौथ्यांदा 'इनव्हॅलिड_ग्रँट', पाचव्यांदा परत चालतं. लोकल मशीनवर मात्र सगळं लोण्यासारखं.

मी हे फ्लास्कवर, जँगोवर, एक्सप्रेसवर आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त फास्ट-एपीआयवर निस्तरलंय, आणि लायब्ररीत खरा बग सापडला असं माझ्या बाबतीत जवळजवळ कधीच झालेलं नाही. घोळ असतो मधल्या ॲडॅप्टरमध्ये, म्हणजे फ्रेमवर्क आणि लायब्ररी जोडणाऱ्या कोडमध्ये. ऑथलिब काय किंवा ओऑथलिब काय, या लायब्ऱ्यांच्या गाभ्याला तुमचं फ्रेमवर्क ठाऊकच नसतं, त्यांना फक्त मेथड, यूआरएल, बॉडी आणि हेडर कळतात, आणि त्या स्टेटस, बॉडी, हेडर परत देतात. फ्रेमवर्कची रिक्वेस्ट या रूपात आणणं आणि उत्तर परत फ्रेमवर्कच्या रूपात नेणं, हे दोन्ही कोणीतरी लिहावं लागतं. ऑथलिबमध्ये सर्व्हर बाजूची तयार जोडणी फ्लास्क आणि जँगोसाठी मिळते, बाकीच्यांनी स्वतः लिहायची, आणि ती आपण संध्याकाळी सात वाजता घाईत लिहितो.

खाली तपासण्या स्वस्त ते महाग या क्रमाने आहेत. क्रम मोडू नका, मी मोडलाय आणि दोन दिवस घालवलेत.

पाच मिनिटांचं काम: रिक्वेस्टच चुकीची नाही ना

पहिल्यांदा फ्रंटएंड, मोबाइल ॲप सगळं बाजूला ठेवा आणि कर्लने (टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) हाताने एक टोकन रिक्वेस्ट मारा. कारण साधं आहे, आरएफसी ६७४९ मध्ये, म्हणजे ओऑथ २ च्या २०१२ च्या मूळ स्टँडर्डमध्ये, टोकन एंडपॉइंटला पोस्ट लागतो आणि पॅरामीटर फॉर्म-यूआरएल-एनकोडेड लागतात, जेसन नाही. ॲक्सिऑसला (जावास्क्रिप्टमध्ये रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी) तुम्ही साधा ऑब्जेक्ट दिला की तो जेसन पाठवतो, लायब्ररी फॉर्म शोधते, फॉर्म रिकामा, ग्रँट टाइप सापडत नाही, झालं 'अनसपोर्टेड_ग्रँट_टाइप'. पोस्टमनमध्ये पण दोन टॅब शेजारी शेजारी असतात, 'फॉर्म-डेटा' हा मल्टिपार्ट आहे, तो नको, त्याच्या बाजूचा यूआरएल-एनकोडेडवाला हवा. गंमत म्हणजे काही फ्रेमवर्क मल्टिपार्ट पण गुपचूप वाचून टाकतात, त्यामुळे तुमच्याकडे चालतं आणि दुसऱ्या सर्व्हरवर तीच रिक्वेस्ट आपटते.

मग सिक्रेट. डेटाबेसमधून कॉपी केलंय का? जँगो ओऑथ टूलकिट आवृत्ती २ पासून मूळ सेटिंगमध्ये सिक्रेट हॅश करून साठवतं, म्हणजे ॲडमिनमध्ये सेव्ह केल्यानंतर जे लांबलचक दिसतंय ते सिक्रेट नाही, हॅश आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तासभर लायब्ररीला शिव्या घालून झालेल्या होत्या. दुसरं, बेसिक ऑथसाठी (आयडी आणि सिक्रेट हेडरमधून पाठवायची पद्धत) बेस-६४ स्वतः बनवत असाल तर टर्मिनलवर नुसता 'इको' वापरू नका, तो शेवटी नवी ओळ चिकटवतो आणि ती सिक्रेटचा भाग होऊन जाते. 'प्रिंटएफ' वापरा, किंवा कर्लचाच यू पर्याय.

आणि सिक्रेटमध्ये अधिकचं चिन्ह किंवा टक्केचिन्ह आहे का ते बघा. स्टँडर्डप्रमाणे बेसिक हेडर बनवण्याआधी आयडी आणि सिक्रेट दोन्ही यूआरएल-एनकोड करायचे असतात, पण अर्ध्याहून जास्त क्लायंट मी पाहिलेत ते करतच नाहीत, कर्ल पण करत नाही. समोरची लायब्ररी डीकोड करणारी असली (जँगो ओऑथ टूलकिट करतं) तर सिक्रेटमधल्या अधिकच्या चिन्हाची तिकडे मोकळी जागा होते आणि जुळणी फसते. म्हणूनच काही क्लायंट कायम चालतात आणि एखादाच कधीच चालत नाही, कारण त्याच्याच नशिबी ते चिन्ह आलेलं असतं. नवीन सिक्रेट फक्त अक्षरं आणि अंकांचं बनवा, विषय संपला.

एक लॉग, नेमक्या जागी

इतकं करून कर्ल पण आपटत असेल तर एकच लॉग ओळ लावा, लायब्ररीला हाक मारण्याच्या अगदी आदल्या ओळीवर. एंडपॉइंटच्या सुरुवातीला नाही, मिडलवेअरमध्ये नाही. ॲडॅप्टर जे ऑब्जेक्ट लायब्ररीच्या हातात देतोय त्यातून छापा: मेथड, पूर्ण यूआरएल, कंटेंट-टाइप, सगळ्या हेडरची नावं, फॉर्ममधल्या कीजची नावं, आणि प्रत्येक व्हॅल्यूची लांबी. व्हॅल्यू छापू नका. सिक्रेट आणि ऑथोरायझेशन कोड (परवानगीनंतर क्लायंटला मिळणारा, टोकनच्या बदल्यात द्यायचा कोड) लॉगमध्ये गेले की ते लॉग जिथे जिथे जातात तिथे सगळीकडे गेले. लांबी पुरते, ४० चं सिक्रेट ४१ दिसलं की नवी ओळ आली, ० दिसलं की बॉडी आलीच नाही.

या एका ओळीने माझ्या अंदाजे दहातल्या सात केसेस तिथेच संपतात. उरलेल्या सगळ्या तपासण्या म्हणजे या ओळीत जे दिसलं त्याचं कारण शोधणं.

मेथड पोस्ट नाही, गेट दिसतंय

यूआरएलच्या शेवटचा स्लॅश. जँगोमध्ये रूट स्लॅशसकट लिहिलेला असेल आणि क्लायंटने स्लॅश न देता मारलं तर ३०१ रीडायरेक्ट होतो, बरेच क्लायंट त्यानंतर पोस्टचा गेट करतात आणि बॉडी वाटेत सांडते. स्टारलेट (फास्ट-एपीआय ज्यावर उभं आहे ते फ्रेमवर्क) यासाठी ३०७ देतं, त्यात मेथड टिकते, पण काही क्लायंट टोकन रिक्वेस्टवर रीडायरेक्टच पाळत नाहीत. रीडायरेक्टवर विसंबू नका, क्लायंटला दिलेला पत्ता आणि रूट अक्षरशः सारखा करा. आणि जँगोमध्ये टोकन एंडपॉइंटवर ४०३ येत असेल तर तो सीएसआरएफ (दुसऱ्या साइटवरून खोटी रिक्वेस्ट येऊ नये म्हणूनचं संरक्षण) आहे, टोकन एंडपॉइंटला त्यातून सूट द्यायची. परवानगी मागणाऱ्या पानाला मात्र नाही, ते पान ब्राउझरमध्ये उघडतं आणि तिथे ते संरक्षण हवंच.

यूआरएल एचटीटीपी दिसतोय

टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) ॲपच्या पुढे बसलेल्या प्रॉक्सीवर संपतं, आत ॲपपर्यंत साधं एचटीटीपी येतं, लायब्ररी ॲपला दिसणारा यूआरएल बघते आणि नाही म्हणते. बरोबरच आहे तिचं. इथे लोक काय करतात, तर असुरक्षित ट्रान्सपोर्ट चालेल असं सांगणारा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल प्रॉडक्शनवर लावून मोकळे होतात. तो फक्त लोकलसाठी आहे. एरर जातो, पण ॲपला अजून आपण एचटीटीपीवर आहोत असंच वाटत असतं, मग डिस्कव्हरीच्या (सर्व्हर स्वतःचे पत्ते जाहीर करतो त्या) उत्तरातले पत्ते एचटीटीपी येतात, इश्यूअर (टोकन देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता) जुळत नाही, आणि तुम्ही परत दुसऱ्या दाराने इथेच येता.

खरा उपाय म्हणजे प्रॉक्सीने पाठवलेला फॉरवर्डेड हेडर (मूळ रिक्वेस्ट एचटीटीपीएसवर होती हे सांगणारा) ॲपने मानणं. जँगोत त्यासाठी सेटिंग आहे, फ्लास्कसाठी वर्कझ्यूगचं प्रॉक्सीफिक्स आहे. युव्हिकॉर्नची (फास्ट-एपीआय चालवणारा सर्व्हर) खोच अशी की हे हेडर तो वाचतो, पण मूळ सेटिंगमध्ये फक्त १२७.०.०.१ वरून आले तरच मानतो, आणि कंटेनरमध्ये प्रॉक्सीचा आयपी वेगळाच असतो. मग सगळं 'चालू' असून काहीच होत नाही. विश्वासाच्या यादीत प्रॉक्सीचा आयपी घाला. ताऱ्याचं चिन्ह (*) टाकून सगळ्यांवर विश्वास ठेवायचा तर ॲपपर्यंत प्रॉक्सी टाळून कोणी पोचू शकत नाही याची आधी खात्री करा, नाहीतर कोणीही तो हेडर स्वतः लावून येईल.

ऑथोरायझेशन हेडर गायब

याला दोन कारणं, एक बाहेरचं एक घरातलं.

बाहेरचं म्हणजे अपाची. मॉड-डब्ल्यूएसजीआय हा हेडर ॲपपर्यंत सोडतच नाही, 'डब्ल्यूएसजीआय-पास-ऑथोरायझेशन' ऑन करावं लागतं. पीएचपी सीजीआयसारखं चालवत असाल तर तिथेही हीच रड, 'सीजीआय-पास-ऑथ' लागतो. लोकलवर अपाची नसतो म्हणून लोकलवर चालतं, एवढंच रहस्य.

घरातलं जास्त मजेशीर. लॉगमध्ये हेडर आलेला दिसतोय, व्हॅल्यू बरोबर लांबीची, तरी 'इनव्हॅलिड_क्लायंट'. एकदा मी एका टीमबरोबर यावर अख्खी दुपार घालवली. त्यांनी स्टारलेटच्या हेडरवर साधं 'डिक्ट' मारून (पायथनची साधी डिक्शनरी बनवून) लायब्ररीला दिलं होतं. आता एएसजीआयमध्ये (पायथनचे असिंक सर्व्हर आणि फ्रेमवर्क ज्या पद्धतीने बोलतात ती) हेडरची नावं सगळी लहान अक्षरात येतात. स्टारलेटचा स्वतःचा हेडर ऑब्जेक्ट लहान-मोठं अक्षर बघत नाही, त्याला काहीही विचारा, देतो. पण त्याचा साधा डिक्ट केला की ती समज गेली, आत फक्त लहान 'ए'वालं नाव उरलं, आणि लायब्ररी विचारतेय मोठ्या 'ए'ने. उत्तर 'नन'. बेसिक ऑथ नाही, म्हणजे क्लायंटने ओळख दिलीच नाही, म्हणजे 'इनव्हॅलिड_क्लायंट'. लॉगमध्ये लहान 'ए' आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्ही सिक्रेट बदलत बसलो होतो. फ्रेमवर्कचा हेडर ऑब्जेक्ट तसाच द्या, डिक्ट करू नका. एका शब्दाची दुरुस्ती.

बॉडी रिकामी, किंवा रिक्वेस्ट लटकते

इथून पुढे काम महाग होतं, कारण कोडची रचना हलवावी लागते.

बॉडी हा नळ आहे, हंडा नाही. एकदा वाहिली की गेली. तुमच्या आधी कोणी वाचली, म्हणजे लॉगिंगचं मिडलवेअर, सिग्नेचर तपासणारं मिडलवेअर, कोणीही, तर लायब्ररीच्या वाट्याला काही उरत नाही. जँगो निदान स्पष्ट सांगतो की स्ट्रीम आधीच वाचलाय, आता बॉडी मिळणार नाही. एक्सप्रेसमध्ये उलटा प्रकार, यूआरएल-एनकोडेड पार्सर रूटच्या नंतर लावलेला असतो म्हणून बॉडी वाचलेलीच नसते. स्टारलेटच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये बेस मिडलवेअरमध्ये बॉडी वाचली की पुढचा एंडपॉइंट कधीच न येणाऱ्या बॉडीची वाट बघत लटकायचा. नंतर ते सुधारलं, पण जुन्या आवृत्तीवर अडकलेले प्रोजेक्ट अजून भेटतात. म्हणून तपासणी अशी करा: सगळं स्वतःचं मिडलवेअर एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी कर्ल मारा. कोणाला काढल्यावर चालतं ते सापडलं की गुन्हेगार सापडला.

मिडलवेअर निर्दोष असेल तर मग असिंक. ऑथलिबचा ऑथोरायझेशन सर्व्हर सिंक आहे, स्टारलेटमध्ये फॉर्म वाचायला 'अवेट' लागतं, आणि सिंक फंक्शनच्या आतून अवेट करता येत नाही. यावर मी लोकांनी केलेले अघोरी प्रकार पाहिलेत, आत नवीन इव्हेंट लूप काढणं वगैरे. नका करू. माझी पद्धत अशी: फास्ट-एपीआयमध्ये एक असिंक डिपेंडन्सी लिहायची, ती फॉर्म अवेट करून वाचते आणि एक साधं, पूर्ण भरलेलं ऑब्जेक्ट बनवते. एंडपॉइंट मात्र साध्या 'डेफ'ने लिहायचा, 'असिंक डेफ'ने नाही, आणि ते ऑब्जेक्ट तिथून लायब्ररीला द्यायचं. डिपेंडन्सी असिंक आणि एंडपॉइंट सिंक असं चालतं, आणि सिंक एंडपॉइंट थ्रेडपूलमध्ये जातो त्यामुळे लायब्ररीच्या डेटाबेस क्वेऱ्या इव्हेंट लूप अडवत नाहीत. एंडपॉइंट 'असिंक डेफ' ठेवून आत सिंक लायब्ररी बोलावली तर चालेल, पण लोड आला की सगळी साइट एका टोकनसाठी ताटकळेल.

या एंडपॉइंटला डेटाबेस सेशन पण सिंक द्या. एसक्यूएल-अल्केमीचं असिंक सेशन दिलंत तर 'मिसिंग ग्रीनलेट' एरर येईल आणि तुम्ही उगाच ग्रीनलेट इन्स्टॉल करत बसाल.

आणखी एक, फॉर्मचे फील्ड फास्ट-एपीआयच्या पॅरामीटरमध्ये घोषित करू नका. एखादं फील्ड नसलं की फ्रेमवर्क लायब्ररीपर्यंत न जाता स्वतःच ४२२ देतं, आणि ओऑथ क्लायंटला ४०० आणि 'एरर' नावाची की अपेक्षित असते. 'पायथन-मल्टिपार्ट' पॅकेज नसेल तर फॉर्म वाचताच येत नाही, साधा यूआरएल-एनकोडेड असला तरी. नावावरून वाटत नाही, पण तसंच आहे.

उत्तर परत नेताना

रिक्वेस्ट नीट झाली की सगळे सुस्कारा सोडतात आणि उत्तराकडे बघतच नाहीत. लायब्ररीने दिलेले हेडर सगळे पुढे जातायत का ते कर्लच्या आय पर्यायाने बघा. टोकनच्या उत्तरावर 'नो-स्टोअर' हवंच, नाहीतर मधला एखादा कॅश टोकन जपून ठेवेल.

पण खरी भीती रीडायरेक्टची. स्टारलेटचा रीडायरेक्ट रिस्पॉन्स काही न सांगता वापरला तर ३०७ देतो. ३०७ म्हणजे तीच मेथड, तीच बॉडी, नव्या पत्त्यावर. आता विचार करा, युजरने लॉगिन आणि परवानगी एकाच फॉर्ममध्ये पोस्ट केली, तुमच्या ॲडॅप्टरने कोड जोडून क्लायंटच्या पत्त्यावर ३०७ दिला. ब्राउझर युजरनेम आणि पासवर्डसकट तो फॉर्म क्लायंटच्या सर्व्हरला जाऊन पोस्ट करतो. लक्षण काय दिसतं, तर क्लायंट म्हणतो 'माझ्या कॉलबॅकवर ४०५ येतोय'. बस एवढंच. लोक कॉलबॅकवर पोस्ट चालू करून देतात आणि विसरतात. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० मध्ये ३०७ स्पष्टपणे नको म्हटलंय. लायब्ररीने जो स्टेटस दिला तोच न्या, स्वतः ठरवायचा असेल तर ३०३.

कधी चालतं कधी नाही

हे शेवटी ठेवलंय कारण इथे लॉगची एक ओळ पुरत नाही. आधी वर्कर (ॲपच्या समांतर चालणाऱ्या प्रती) एकावर आणा. एका वर्करवर दोष गेला तर काहीतरी मेमरीत ठेवलंय: ऑथोरायझेशन कोड डिक्शनरीत ठेवलेत, एका वर्करने दिलेला कोड दुसऱ्याला माहीतच नाही. किंवा प्रत्येक वर्कर सुरू होताना टोकनवर सही करायची स्वतःची वेगळी की (किल्ली) बनवतोय, मग टोकन एकाचं, पब्लिक की दुसऱ्याची. कोड डेटाबेसमध्ये ठेवा, आणि सहीची की एका ठरलेल्या जागेवरून घ्या.

एका वर्करवरही राहिला तर कोड दोनदा वापरला जातोय का बघा. कोड एकदाच चालतो. रिॲक्टचा स्ट्रिक्ट मोड डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट दोनदा चालवतो, कॉलबॅक पानावर इफेक्टमध्ये टोकन मागत असाल तर दुसरी रिक्वेस्ट आपटणारच, आणि स्क्रीनवर दुसरीचाच एरर दिसतो. तेही नसेल तर ट्रान्झॅक्शन: प्रत्येक रिक्वेस्टला एक ट्रान्झॅक्शन आणि एक्सेप्शन आला की रोलबॅक, अशी रचना असेल तर वापरलेला कोड रद्द केल्याची नोंदच रोलबॅकमध्ये पुसली जाते. हे मी दोनदाच पाहिलंय, पण दोन्ही वेळा सापडायला आठवडा लागला.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

३०७ वाला प्रकार प्रॉडक्शनवर सापडला तर कोड दुरुस्त करून गप्प बसू नका. पासवर्ड दुसऱ्याच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये गेलेले असू शकतात, ते सिक्युरिटीवाल्यांचं काम आहे आणि त्याच दिवशी सांगायचं असतं. सही करायची की किंवा सिक्रेट लॉगमध्ये, रिपॉझिटरीत गेली असेल तर तेच, आधी त्यांना फोन, मग डीबगिंग.

प्रॉक्सी तुमच्या ताब्यात नसेल तर ॲपमध्ये जुगाड करू नका, इन्फ्रावाल्यांना तुमची लॉग ओळ दाखवा आणि कोणता हेडर हवा ते नाव घेऊन मागा.

दोष घालवण्यासाठी रीडायरेक्ट यूआरआयची अचूक जुळणी सैल करावी, पीकेसीई (कोड ज्याने मागितला तोच वापरतोय ना याची तपासणी) बंद करावं, किंवा सही तपासणी तात्पुरती वगळावी असं वाटायला लागलं की हात कीबोर्डवरून काढा. (पीकेसीई जुळत नसेल तर आधी क्लायंटने सुरुवातीला पाठवलेल्या चॅलेंजच्या शेवटची बरोबरची (=) चिन्हं बघा, ती तिथे नसावी लागतात, आणि टोकन मागताना पाठवलेला व्हेरिफायर ४३ ते १२८ अक्षरांचा आहे का ते मोजा.) तसंच लायब्ररीच्या आतल्या, अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या मेथड ओव्हरराइड करायची वेळ आली तर तुम्ही ॲडॅप्टर लिहीत नाही आहात, नवा ऑथोरायझेशन सर्व्हर लिहिताय, आणि तो ज्याने आधी लिहिलाय अशा माणसाशिवाय लिहू नका. फोन करण्याआधी कर्लची कमांड सिक्रेट काढून, ती लॉग ओळ आणि लायब्ररी-फ्रेमवर्क दोन्हींच्या आवृत्त्या एका फाइलमध्ये ठेवा, समोरचा पहिले तेच तीन मागणार आहे.